'करंट आहे' म्हणजे नेमके काय? : मोटारीच्या इंधन पंपाची विद्युत तपासणी

इंजेक्शन पद्धतीच्या पेट्रोल मोटारीत इंधन पंप बहुधा टाकीच्या आतच बसवलेला असतो. गाडी सेल्फ घेते पण सुरू होत नाही आणि टाकीतून पंपाची गुणगुण ऐकू येत नाही, तेव्हा शिकाऊ मुलगा पंपालाच दोष देतो. पंप बदलला जातो, ग्राहकाचे पैसे जातात, दोष मात्र तसाच राहतो. टॅक्सीवर घर चालवणाऱ्या माणसाला ही चूक जड जाते.

या गोंधळाचे एक कारण भाषेत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. गॅरेजमध्ये 'करंट आ रहा है' असे सर्रास म्हटले जाते. मराठी पाठ्यपुस्तकात विभवांतर आणि विद्युतधारा हे दोन वेगळे शब्द आहेत. उर्दूत प्रवाहाला बर्क़ी रौ म्हणतात. गॅरेजमधील 'करंट' मात्र दोन्हींसाठी वापरला जातो. मीटर १२ व्होल्ट दाखवतो याचा अर्थ तेथे दाब आहे, एवढाच. पंपाला लागणारी काही अँपिअरची धारा त्या वाटेने वाहू शकते की नाही, हे त्यावरून कळत नाही.

उदाहरण घेऊ. गंजलेल्या कनेक्टरमध्ये १० ओहम रोध निर्माण झाला आहे. पंपाची पिन काढून मीटर लावला, तर मीटरचा स्वतःचा रोध सुमारे एक कोटी ओहम असल्याने १० ओहम त्याला जाणवतच नाहीत. तो पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. पिन परत लावली आणि पंपाचा रोध २ ओहम धरला, तर पंपाच्या वाट्याला येतात फक्त २ व्होल्ट. म्हणून मोजमाप पंप जोडलेला ठेवून, कनेक्टरच्या मागील बाजूने घ्यावे.

तत्पूर्वी वाट समजून घ्यावी. बॅटरी, फ्यूज, रिले, पंप आणि बॉडीवरून पुन्हा बॅटरी, असा हा फेरा आहे. किल्ली फिरवल्यावर ईसीयू रिलेला साधारण दोन सेकंद आज्ञा देतो. इंजिन फिरल्याचा संकेत न मिळाल्यास ती मागे घेतो. त्यामुळे एकाने किल्ली फिरवावी आणि दुसऱ्याने मीटर पाहावा. फ्यूज डोळ्यांनी न पाहता दोन्ही टोकांना मोजावा. रिले काढून सॉकेटमधील ३० आणि ८७ क्रमांकाची टोके फ्यूज असलेल्या वायरीने क्षणभर जोडावीत. पंप चालला तर पंप व त्याची वायरिंग ठीक. दोष रिलेत किंवा आज्ञेत. आज्ञा नसेल तर क्रँक सेन्सर आणि इमोबिलायझर तपासावेत. फोर्डच्या बऱ्याच गाड्यांत धक्का बसल्यावर पंप बंद करणारा स्विचही असतो. तो दाबला की काम होते. ईसीयूच्या वायरींवर टेस्ट लॅम्प लावू नये, आणि टाकी उघडी असताना ठिणगी पडेल असे काहीही करू नये.

पंप चालला नाही, तर पंपाच्या कनेक्टरकडे जावे. येथे बहुतेकजण पुरवठ्याची बाजू पाहून थांबतात आणि परतीची, म्हणजे 'अर्थ'ची, विसरतात. (भाषेच्या शिक्षकाला हा शब्द फार सोयीचा आहे.) पंपाला पुरवठा चालू असताना त्याची अर्थ पिन आणि बॅटरीची ऋण बाजू यांमध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आढळल्यास बॉडीवरील जोड खरवडून साफ करावा.

वर्गात हे दाखवण्यास गाडी लागत नाही. १२ व्होल्टची बॅटरी, १० ओहम २५ वॉटचा रेझिस्टर आणि हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब पुरेसा आहे. बल्ब न जोडता रेझिस्टरच्या पलीकडे मोजल्यास १२ व्होल्ट दिसतात. बल्ब जोडताच आकडा कोसळतो आणि बल्ब पेटत नाही. जोडणी काही सेकंदच ठेवावी, रेझिस्टर चटका देण्याइतका तापतो.