कीटकांच्या निरीक्षणातून विज्ञानशिक्षण

पृथ्वीवरील ज्ञात प्राणिजातींमध्ये सर्वाधिक संख्या कीटकांची आहे. आजवर त्यांच्या सुमारे 10 लाख जातींची शास्त्रीय नोंद झाली आहे. शेत, गोठा, माजघर, पाण्याचा रांजण असे एकही ठिकाण नाही की जेथे मुलांची व कीटकांची गाठ पडत नाही. तरीही बहुसंख्य मुलांना कीटकाची ओळख होते ती पाठ्यपुस्तकातील आकृतीवरून. आकृती पाठ होते. अंगणातील अळी मात्र अनोळखीच राहते. ही उणीव भरून काढण्यासाठी खर्चिक प्रयोगशाळेची गरज नाही. ज्यांचे शिक्षण पालकांच्या देखरेखीखाली घरीच चालते आणि जी पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षेस बसतात, अशा मुलांनाही हा अभ्यास घरच्या घरी करता येतो.

बरणीतील प्रयोगशाळा

आरंभासाठी लिंबाचे किंवा कढीलिंबाचे झाड उत्तम. त्याच्या कोवळ्या पानांवर लिंबाळी नावाचे फुलपाखरू फिकट पिवळी, मोहरीहून लहान अंडी घालते. अंडी असलेली डहाळी रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत ठेवून तोंडाला विरळ कापड बांधावे. औषध न फवारलेली ताजी पाने रोज द्यावीत, विष्ठा काढून बरणी कोरडी ठेवावी आणि ती उन्हात ठेवू नये. अंड्यातून तीन-चार दिवसांत अळी निघते. प्रारंभी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. त्यामुळे शत्रूची नजर चुकते. चार वेळा कात टाकताना ती वाढत जाते व अखेरीस हिरवी होते. तिला हलकेच डिवचल्यास डोक्यामागून नारिंगी रंगाचे दुभागलेले शिंग बाहेर येते आणि उग्र दर्प सुटतो. पुढे काडीला रेशमी धाग्याने स्वतःस बांधून ती कोषात जाते. उबदार हवेत साधारण महिनाभरात हे चक्र पूर्ण होते.

या काळात मुलांनी एक वही ठेवावी. तारीख, अळीची लांबी, रंग, खाल्लेली पाने आणि कात टाकल्याचा दिवस यांची त्यात नोंद करावी व रोज एक रेखाचित्र काढावे. मोजमाप, भाषा व चित्रकला यांचा सराव त्यातून आपोआप होतो. शिक्षकांनी वा पालकांनी उत्तर सांगण्याची घाई करू नये. ‘आज काल‌पेक्षा वेगळे काय दिसले?’ एवढा एकच प्रश्न रोज विचारला तरी पुरे.

कधी कधी कोषातून फुलपाखराऐवजी बारीक गांधीलमाशीसारखे कीटक बाहेर पडतात. प्रयोग फसला असे समजून बरणी रिकामी करू नये. हे परोपजीवी कीटक अळीच्या वा कोषाच्या शरीरात वाढतात आणि पिकांवरील किडींना निसर्गतः आळा घालतात. याच गटातील ट्रायकोग्रामा या सूक्ष्म कीटकाची कार्डे शेतकरी पिकावर लावतात, हे मुलांना येथेच समजावून सांगता येते.

मित्र कोण, शत्रू कोण?

या अभ्यासाचे खरे महत्त्व शेतीत आहे. कपाशीच्या किंवा चवळीच्या पानामागे मावा असतो, तेथेच पुष्कळदा काळसर, नारिंगी ठिपक्यांची, लहानशा सुसरीसारखी दिसणारी अळी फिरत असते. तिचे रूप पाहून ती कीड समजली जाते. वास्तविक ती ढालकिड्याची अळी असून मावा हेच तिचे अन्न आहे. मावा असलेले पान व ही अळी एका बरणीत ठेवून सकाळी व सायंकाळी माव्याची संख्या मोजली, तर कोण कोणाला खातो हे मुलांना व्याख्यानाविना कळते.

हीच पद्धत प्रौढ शेतकऱ्यांसाठी इंडोनेशियात 1989 मध्ये सुरू झालेल्या भातपिकाच्या शेतीशाळांत अवलंबिण्यात आली. शेतकरी शेतात उतरून कीटक गोळा करीत, रोपाचे व त्यावरील कीटकांचे चित्र काढीत आणि मगच फवारणीचा निर्णय घेत. महाराष्ट्रातही कृषी विभागामार्फत शेतीशाळा घेण्यात येतात.

न ओळखता केलेल्या फवारणीने मित्रकिडी प्रथम नष्ट होतात, खर्च वाढतो आणि माणसाच्या जिवासही धोका पोहोचतो. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. सुरक्षित साधनांचा वापर अत्यावश्यक आहेच. पण फवारणीची गरज आहे की नाही हे पारखण्याची दृष्टीही तितकीच आवश्यक आहे. ती दृष्टी लहानपणीच येऊ शकते.

रांजणातील अळी

आरोग्यशिक्षणासही हा मार्ग उपयुक्त आहे. साठविलेल्या पाण्यातील वळवळणाऱ्या डासअळ्या झाकलेल्या बरणीत ठेवल्यास त्या श्वासासाठी पृष्ठभागाशी येतात, कोषात जातात आणि काही दिवसांतच डास होतात, हे दिसते. अंड्यापासून डासापर्यंतचा प्रवास साधारण आठ-दहा दिवसांचा असल्याने आठवड्यातून एक कोरडा दिवस का पाळावयाचा, हे मुलेच घरी समजावून सांगतात. निरीक्षण संपताच अळ्यांचे पाणी कोरड्या जमिनीवर ओतून टाकावे.

घ्यावयाची काळजी

केसाळ अळ्या, मधमाश्या व गांधीलमाश्या यांना हात लावू नये. नुकत्याच फवारलेल्या शेतात मुलांना नेऊ नये. निरीक्षणानंतर साबणाने हात धुवावेत. काही फुलपाखरांना व भुंगेऱ्यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे संरक्षण आहे. म्हणून टाचणीने टोचून संग्रह करण्याची जुनी रीत सोडून पाहणे, नोंदणे व सोडून देणे हाच नियम ठेवावा. 2015 मध्ये ब्ल्यू मॉरमॉनला राज्य फुलपाखराचा मान देणाऱ्या महाराष्ट्रात हे अधिकच उचित ठरेल.

ग्रामपंचायतीचा वाटा

जैविक विविधता अधिनियम, 2002 अन्वये स्थानिक संस्थांच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांनी लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. मुलांच्या वह्यांतील गावच्या कीटकांची माहिती जाणकारांकडून तपासून तीत समाविष्ट करता येईल. शाळेच्या परसबागेत लिंबू, कढीलिंब व झेंडू लावण्यास पंचायतीने साहाय्य करावे आणि सहायक कृषी अधिकाऱ्यांनी हंगामात एखादा दिवस मुलांसोबत शेतात घालवावा. यासाठी वेगळ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही.

आज बरणीतील अळी निरखणारा मुलगा अथवा मुलगी उद्या शेताचा कारभार पाहणार आहे. पानावर किडा दिसताच पंपाकडे धावण्यापूर्वी ‘हा कोण आहे?’ असे विचारण्याची सवय त्यांना लागली, तर या शिक्षणाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.