लय जुळली, स्वराचें काय?

कर्जत-खालापूरकडील फार्महाऊसांत लग्नाची मंडळी नाचूं लागते, तेव्हां डीजेचें खरें कसब दोन गाण्यांच्या सांध्यांत दिसतें. चालू गाण्याचे मिनिटाला १२६ ठोके आणि पुढच्याचे ११९ असले, तर पुढचें सुमारें ६ टक्के जलद करावें लागतें. नाहीं तर पावलें अडखळतात. पण तबकडीच तितकी जलद फिरविली, तर षड्ज अर्ध्या स्वरानें चढतो. ढोलताशेवाल्यांना ही विवंचना नाहीं! आजचीं यंत्रें स्वर न हलवितां लय बदलतात. तरी मुळांतच विजोड गाणीं एकमेकांवर आलीं, कीं कानाला खुपतात. म्हणून पुढच्याचा षड्ज चालू गाण्याच्या पंचमावर असलेला बरा. दोन्हीं बिलावल थाटाचीं असल्यास सातांपैकीं सहा स्वर सामाईक राहतात. शुद्ध मध्यमाच्या जागीं तेवढा तीव्र येतो. तो येण्यापूर्वीं, नुसता ठेका चालू असतांच, सांधा उरकावा.