गाडी ‘लो’ करणे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

आलिशान सेडानचे सस्पेन्शन खाली घेणे म्हणजे गाडीचा सांगाडा जमिनीच्या अधिक जवळ आणणे. बोलीत याला ‘गाडी लो करणे’ म्हणतात. त्यासाठी आखूड व कडक स्प्रिंगा घालतात, उंची बदलता येणारे कॉइलओव्हर (स्प्रिंग व शॉकअपचा एकत्र संच) बसवतात किंवा एअर सस्पेन्शनच्या मांडणीत फेरफार करतात. वर्धा शहराला लागून असलेल्या पिपरी मेघेतील गाडीला समृद्धी महामार्गही जवळ आहे आणि काळ्या मातीवरचे रस्तेही रोजचे आहेत. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यावरचा रस्ता उंचसखल होतो. त्यामुळे लो गाडीविषयीचे समज या दोन्ही रस्त्यांवर पारखून घ्यावे लागतात.

गैरसमज १ : गाडी जितकी खाली, तितकी रस्त्यावरची पकड जास्त.
वस्तुस्थिती : गुरुत्वमध्य खाली आला की वळणावर बाहेरच्या चाकांकडे सरकणारा भार घटतो, हे खरे आहे. पण गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटरवर असलेली गाडी ३० मिलिमीटर खाली घेतली, तर ही घट जेमतेम साडेपाच टक्के होते. शिवाय मॅकफर्सन प्रकारच्या सस्पेन्शनमध्ये गाडी ज्या बिंदूभोवती कलते, तो गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली सरकतो. दोहोंतले अंतर वाढले की गाडी उलट अधिक कलू पाहते. ते रोखायला स्प्रिंग कडक करावी लागते आणि खडबडीत रस्त्यावर कडक स्प्रिंगेचे चाक उसळते. उसळलेल्या चाकाला पकड नसते.

गैरसमज २ : स्प्रिंगेचे वेढे कापले की स्वस्तात तेच काम होते.
वस्तुस्थिती : वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते, पण दबायला जागा कमी उरते. कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही आणि चाक लटकले की स्प्रिंग जागची हलू शकते. शॉकअप मात्र मूळ उंचीसाठीच बनलेले असतात. ते खड्ड्यात वारंवार तळाच्या रबरी ठोकळ्यावर आदळतात आणि लवकर गळू लागतात.

गैरसमज ३ : एअर सस्पेन्शनची गाडी कितीही खाली घेता येते.
वस्तुस्थिती : मर्सिडीझ-बेंझच्या एस-क्लासमध्ये १९९८पासून एअरमॅटिक सस्पेन्शन मिळू लागले. वेग वाढला की ते गाडी थोडी खाली घेते आणि वाईट रस्त्यावर चालकाला ती वर उचलता येते. किती व केव्हा, हे उंची मोजणाऱ्या सेन्सरवरून संगणक ठरवतो. सेन्सरचा दांडा बदलून गाडी लो करणे म्हणजे या संगणकाला चुकीची उंची सांगणे होय. मग त्याचे पुढचे सगळे निर्णय त्या चुकीच्या आकड्यावर होतात.

गैरसमज ४ : उंचीखेरीज काही बदलत नाही.
वस्तुस्थिती : सांगाडा खाली आला की चाकांचा कल आणि रोख बदलतो. अलाइनमेंट केले नाही, तर टायर आतल्या कडेने झिजतात आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते कळतही नाही. हेडलाइटचा झोत आणि चालकसाहाय्याचे कॅमेरे व रडार मूळ उंचीनुसार जुळवलेले असतात. तेही पुन्हा तपासावे लागतात.

गैरसमज ५ : सावकाश गेले की गाडीचे पोट घासत नाही.
वस्तुस्थिती : इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच व ३.७ मीटर रुंद असतो. चाकणला तयार होणाऱ्या लांब ई-क्लासच्या पुढच्या व मागच्या चाकांत सुमारे ३.१ मीटर अंतर आहे. अशी गाडी गतिरोधकाच्या मधोमध आली की त्याचा माथा चाकांच्या पातळीपेक्षा सुमारे ७० मिलिमीटर वर येतो. रिकाम्या गाडीखाली १३० मिलिमीटर मोकळी जागा धरू. प्रवासी व सामानाच्या भाराने त्यातले ३५ गेले आणि लो करण्यात ३० गेले, तर ६५च उरतात. वेग कितीही कमी ठेवला तरी गाडी पोटाला घासणारच. गावातले अनेक गतिरोधक तर मानकापेक्षा उंच आणि अरुंद असतात.

गैरसमज ६ : समृद्धीवर लो गाडीच सुरक्षित.
वस्तुस्थिती : ७०१ किलोमीटरच्या या महामार्गावर कारला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. आलिशान सेडान मूळ उंचीवर याहून बऱ्याच जास्त वेगासाठी तपासलेल्या असतात, म्हणून सुरक्षिततेसाठी त्या लो करण्याची गरज नसते.

गैरसमज ७ : आरसीवर जमिनीपासूनची उंची लिहिलेली नसते, म्हणून कायदा आड येत नाही.
वस्तुस्थिती : मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ५२नुसार गाडीच्या मूळ वैशिष्ट्यांत परवानगीविना बदल करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. सुटे भाग नव्याने बसवणेही त्यात येते. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो.

लो करण्याचा खरा लाभ दिसण्यात आणि सपाट रस्त्यावरच्या थोड्या चपळतेत आहे. तो हवाच असेल, तर मालकाने आधी वर्ध्याच्या परिवहन कार्यालयात व विमा कंपनीकडे विचारणा करावी आणि स्प्रिंग व शॉकअप एकमेकांना जुळणारेच घ्यावेत. स्प्रिंग कापण्याच्या वाटेला मात्र कोणीही जाऊ नये.