मागचं पुस्तक सांगा, पुढचं मिळेल

संध्याकाळी सहाच्या सुमाराला तालुक्याच्या गावातल्या एखाद्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलापाशी पाच मिनिटं उभं राहिलं, की एक वाक्य हमखास कानावर पडतं, "काहीतरी चांगलं द्या हो." टेबलामागच्या बाई मान वर न करता विचारतात, "मागचं कसं होतं?" "बरं होतं." संपला संवाद. बाई परत आलेल्या ढिगातलं वरचं पुस्तक पुढे सरकवतात, दाखल क्रमांक लिहून घेतात, तारखेचा शिक्का मारतात. सभासद घरी जातो, वीस पानं वाचतो, आणि आठवड्यानं पुन्हा त्याच टेबलापाशी येऊन म्हणतो, "काहीतरी चांगलं द्या हो."

मीही कित्येक वर्षं हेच म्हणत आलो. दोष अर्थातच बाईंना दिला. वाचनालय शिफारशी करत असतं आणि त्या ऐकण्याची एक रीत असते, हे फार उशिरा कळलं. ती रीत इथे क्रमानं मांडतो.

पुस्तक कपाटात येतं कसं

महाराष्ट्रातली बहुतेक सार्वजनिक वाचनालयं सरकारनं काढलेली नाहीत. गावातल्या चार माणसांनी संस्था स्थापन केली, जागा मिळवली, वर्गण्या गोळा केल्या. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानं अशा संस्थांना मान्यता आणि अनुदान द्यायची व्यवस्था झाली, आणि त्यांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी ठरली. काही वाचनालयं तर या कायद्याहून शंभरावर वर्षांनी थोरली आहेत. रत्नागिरीचं १८२८ चं, नाशिकचं १८४० चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं.

हा इतिहास सांगायचं कारण असं, की इथली पुस्तकं कुठल्या दूरच्या गोदामातून आपोआप येत नाहीत. काही संस्थेची ग्रंथनिवड समिती निवडते, काही सरकारमान्य यादीतून घेतली जातात, काही कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजनेतून मिळतात, काही सभासदांच्या मागणीवरून विकत घेतली जातात. आणि बरीचशी देणगीत येतात. एखाद्या निवृत्त मास्तरांच्या घरचं कपाट त्यांच्यामागे मुलं वाचनालयाला देऊन टाकतात.

या देणगीच्या पुस्तकांत एक सोय दडलेली आहे. पहिल्या पानावर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' असा शिक्का असतो. असं एखादं पुस्तक मनापासून आवडलं, तर त्याचा दाखल क्रमांक टिपून ठेवा. देणगी एकदम आली असेल, तर नोंदवहीत त्या घरची पुस्तकं ओळीनं चढवलेली असतात. क्रमांक ८२१४ असेल, तर ८२०० ते ८२५० या नोंदी दाखवायला सांगा. कधीही न भेटलेल्या एका वाचकाची आवड तुमच्यासमोर यादी होऊन उभी राहते.

न बोलता केलेल्या शिफारशी

सर्वांत सोपी म्हणजे परतीचा ढीग. आज-काल परत आलेली, अजून कपाटात न गेलेली ही पुस्तकं. गाव या घडीला काय वाचतंय ते इथे दिसतं. पण ढिगाला एक मर्यादा आहे. तो कोणी काय नेलं एवढंच सांगतो, कोणी काय संपवलं ते सांगत नाही.

ते थोडंफार सांगतो तो पुस्तकाला आतून चिकटवलेला तारखांचा कागद. तो वाचायला शिकलं पाहिजे. एका वर्षात दाटीवाटीनं वीस शिक्के आणि पुढे सगळं कोरं असेल, तर त्या वर्षी पुस्तकाचा गवगवा झाला होता, किंवा कुठल्या तरी अभ्यासक्रमात ते लागलं होतं. याउलट वर्षाला दोन-तीनच शिक्के, पण पंधरा-वीस वर्षांत खंड नाही, अशी पट्टी दिसली की मी थांबतो. कोणी जाहिरात केलेली नसताना त्या पुस्तकाला दर वर्षी दोघंतिघं शोधत आलेले असतात. संगणकावर देवघेव सुरू झाल्यापासून हे कागद कोरे राहू लागले आहेत. तिथे पुस्तक किती वेळा गेलं, हे टेबलावर विचारावं लागतं. संगणकात बहुधा त्याची नोंद असते.

तिसरी शिफारस कपाटाची. ज्या वाचनालयात सभासदाला कपाटापर्यंत जाता येतं, तिथे पुस्तकाचा शेजार बघावा. पण शेजार कोणत्या नियमानं जमलाय, ते आधी समजून घ्यावं. मोठ्या ग्रंथालयांत अनेकदा ड्युईची दशांश पद्धत असते. मेल्विल ड्युई या अमेरिकन ग्रंथपालानं १८७६ साली ती छापून प्रसिद्ध केली. तिच्यात मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६. त्यापुढे एक जोडला की कविता, दोन जोडला की नाटक, तीन जोडला की कथा-कादंबरी. म्हणजे ८९१.४६३ हा आकडा पाठ झाला, की अनोळखी ग्रंथालयातही मराठी कादंबरीपर्यंत कोणाला न विचारता पोचता येतं.

लहान वाचनालयांत कादंबरी, कथा, चरित्र, प्रवास असे ठोक विभाग असतात. त्यांत पुस्तकं लेखकाच्या आडनावानं लावलेली असली, तर शेजारी त्याच लेखकाची भावंडं सापडतात. काही ठिकाणी मात्र ती दाखल क्रमांकानं लावतात. नवख्याला हा गोंधळ वाटतो, पण त्यातही अर्थ आहे. अशा कपाटात शेजारी एकाच वर्षी खरेदी झालेली पुस्तकं असतात. एखाद्या काळातलं लेखन आवडत असेल, तर त्या काळातले नंबर धुंडाळावेत.

'का आवडलं' हा प्रश्न

इथवरच्या खुणा सर्वांसाठी सारख्या असतात. तुमचं स्वतःचं पुढचं पुस्तक मिळवायला मात्र बोलावं लागतं, आणि 'बरं होतं' यापेक्षा जास्त बोलावं लागतं.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' घ्या. १९५५ ची ही छोटी कादंबरी बहुतेक वाचनालयांत असते. माणदेशातल्या धनगरांच्या एका वाडीत एक तरुण मास्तर शाळा चालवायला येतो, वाडीत रुजतो, आणि शेवटी दुष्काळ वाडी उठवतो. समजा तीन सभासदांनी ती परत आणली आणि तिघंही म्हणाले, "फार आवडली, तसंच काहीतरी द्या." तिघांना एकच पुस्तक देऊन चालेल का?

पहिल्याला विचारलं, "काय आवडलं?" तो म्हणाला, "मास्तर. पोरं शाळेत यावीत म्हणून त्याची चाललेली धडपड." याला ग्रामीण कादंबरी देण्यात अर्थ नाही. याला गिजुभाई बधेका यांचं 'दिवास्वप्न' द्यावं. एक शिक्षक चौथीचा वर्ग हाती घेतो आणि वर्षभर नेहमीपेक्षा वेगळं शिकवून बघतो, त्याची ही कहाणी मूळ गुजराती आहे. नाहीतर आगगाडीच्या डब्यांत भरणाऱ्या जपानी शाळेची गोष्ट सांगणारं 'तोत्तोचान'. दोन्ही मराठीत मिळतात आणि दोन्ही कदाचित शिक्षणाच्या कपाटात असतील. कादंबरीच्या कपाटापाशी हा सभासद जन्मभर उभा राहिला असता, तरी त्याला ती दिसली नसती.

दुसरी सभासद म्हणाली, "ती माणसं. बोलणं, वागणं, त्यांचा तो मुलूख." हिला माडगूळकरांचीच 'माणदेशी माणसं' द्यावी. मग शंकर पाटलांच्या कथा. त्यानंतर आनंद यादवांची 'गोतावळा'. शेतावर राबणारा गडी, त्याची जनावरं आणि यंत्र येताच तुटत जाणारं त्यांचं नातं तिच्यात आहे.

तिसरा जरा अडखळत म्हणाला, "त्यात फार काही समजावून सांगितलेलं नाही. माळ, मेंढरं, पाऊस नुसता दाखवलाय." याला गावही नको आणि शाळाही नको, बघणारा डोळा हवाय. त्याला माडगूळकरांचीच 'सत्तांतर' द्यावी. वानरांच्या टोळ्यांतल्या संघर्षाची ही छोटी कादंबरी आहे. तिथून पुढे जंगलखात्यात उभं आयुष्य काढलेल्या मारुती चितमपल्ली यांच्या लेखनाकडे वळता येतं.

पुस्तक एकच, कारणं तीन, वाटा तीन. अमेरिकेतल्या सार्वजनिक ग्रंथालयांत वाचकाला असा सल्ला देणं हे ग्रंथपालाच्या कामाचं एक अंगच मानतात. तिथे कथेचा विषय विचारून थांबत नाहीत. गोष्ट भरभर सरकणारी हवी की रेंगाळणारी, माणसं महत्त्वाची की घटना, एकूण सूर कसा, हेही विचारतात. आपल्याकडे हे कोणी विचारलं नाही, तर आपण होऊन सांगायला कोणाची हरकत आहे?

टेबलापाशी काय म्हणायचं

तीन वाक्यं पुरतात. एक, अलीकडे आवडलेलं पुस्तक आणि त्याचं कारण. दोन, अर्ध्यावर सोडलेलं पुस्तक आणि त्याचंही कारण. हे दुसरं वाक्य लोक भिडेखातर गाळतात. खरं म्हणजे सर्वांत उपयोगी तेच असतं, कारण त्यानं अर्धं कपाट एका झटक्यात बाद होतं. तीन, सध्या तुमची तयारी किती आहे. घरात आजारपण चाललंय की सुट्टी लागलीय, यावर चारशे पानांची कादंबरी द्यायची की कथासंग्रह, हे ठरतं.

वेळही बघावी. संध्याकाळी रांग लागलेली असताना पुस्तकांवर गप्पा मारणारा सभासद मागच्यांना नकोसा होतो. सकाळी वाचनालय उघडल्यावर पहिल्या तासात जावं. वर्तमानपत्रं वाचणारे ज्येष्ठ सोडले, तर तेव्हा फारसं कोणी नसतं. आणि बाईंनी सुचवलेलं पुस्तक परत करताना ते कसं वाटलं, ते एका वाक्यात नक्की सांगावं. छापील तालिका शीर्षक, लेखक आणि विषय सांगते. 'हे वाचून रडू येतं' किंवा 'पहिली पन्नास पानं नेट धरावा लागतो' ही नोंद फक्त बाईंच्या डोक्यात असते, आणि तिथे ती सभासदांनीच भरलेली असते.

कागदावरचे सल्लागार

माणूस नसेल तेव्हा कागद मदतीला येतो. वाचनालयाची दिवाळी अंकांची योजना घेतली, की थोड्या पैशांत काही महिने अंक मिळत राहतात. दिवाळी अंक म्हणजे लेखकांची वानगी. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी वाचक पुस्तक घेण्याआधी लेखक असा चाखून बघत आला आहे. कथा आवडली की नाव टिपा, आणि त्या लेखकाचं पुस्तक वाचनालयात आहे का, ते विचारा. १९६४ साली सुरू झालेलं 'ललित' मासिक तर पुस्तकांच्याच व्यवहाराला वाहिलेलं. त्याचे जुने गठ्ठे असतील, तर एक दुपार त्यांत घालवावी. जुन्या पुस्तकांच्या मागे लागणाऱ्यांसाठी शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' आहे. १८०० ते १९५० पर्यंतच्या मराठी पुस्तकांची विषयवार नोंद तिच्या दोन खंडांत आहे. मोठ्या ग्रंथालयात ती संदर्भ विभागात बसून बघता येते.

यादीतलं पुस्तक आपल्या वाचनालयात नसलं, तर मागणीची वही मागावी. नाव, लेखक आणि जमलं तर प्रकाशक लिहावा. समितीची बैठक होते तेव्हा ही वही पुढे येते, आणि एकाच पुस्तकाखाली दोनतीन सभासदांच्या सह्या असल्या, तर खरेदीला वजन येतं.

आणलेलं पुस्तक नाहीच जमलं, तर? सिएटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा नियम सोपा आहे. पन्नास पानं वाचा, तोवर मन लागलं नाही तर सोडा. तुमचं वय पन्नासच्या पुढे असेल, तर शंभरातून वय वजा करा, उरतील तेवढीच पानं वाचा. म्हणजे सत्तर वर्षांच्या आजोबांनी तीस पानांवर निर्णय घ्यायला हरकत नाही. वाचनालयाचं पुस्तक सोडताना पैसे वाया गेल्याची खंतही नसते. फक्त का सोडलं, ते लक्षात ठेवायचं. तेच तुमचं दुसरं वाक्य.

डॉ. शि. रा. रंगनाथन गणिताचे प्राध्यापक होते, १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, हे त्यांतले दोन नियम नेहमी सांगितले जातात. चौथा जरा मागे पडतो. वाचकाचा वेळ वाचवा, असं तो सांगतो.

त्याचा प्रत्यय मला आमच्या वाचनालयातच आला. मी एक जाडजूड कादंबरी परत केली होती. मागे उभे असलेले आजोबा म्हणाले, "काहीतरी चांगलं द्या हो." बाई म्हणाल्या, "ह्यांना विचारा, आत्ताच परत केलीय." मी कारण सांगितलं, की गोष्ट तीन पिढ्यांची आहे, घाई अजिबात नाही, एकेका लग्नाला चाळीस पानं लागतात, आणि मला नेमकं तेच आवडलं. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं, पुस्तक उचलून वजनाचा अंदाज घेतला आणि परत टेबलावर ठेवलं.

"मग हे माझं नव्हे," ते म्हणाले. "बाई, मला लहानसं द्या. आणि लग्नं नकोत."

बाईंनी हसून मागच्या कपाटात हात घातला. या वेळी त्यांना ढिगाकडे बघावं लागलं नाही.