बंब येईपर्यंत

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह पेटले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी १९१५ साली ‘पॅलेस थिएटर’ म्हणून उभारलेल्या या वास्तूचा रंगमंच, पडदे, खुर्च्या आणि छप्पर काही तासांत गेले. सुदैवाने कुणाचा जीव गेला नाही. निपाणी-बेळगावच्या रसिकांनाही ही आग घरातली वाटली, आणि ते स्वाभाविकच होते. केशवरावांची ‘ललितकलादर्श’ नाटक मंडळी १९०८ मध्ये हुबळीत सुरू झाली. या रंगभूमीने राज्याची सीमा कधी मानलीच नाही. त्या रात्री कोल्हापूरकर हळहळत जमले, पण तळमळ असलेल्या माणसाला हाती घेण्यासारखे काम नव्हते. सीमाभागात माणसांची किंवा हिमतीची वाण नाही. महापुराच्या वेळी कोल्हापूरच्या ‘व्हाईट आर्मी’सारख्या स्वयंसेवकांनी ते दाखवून दिले आहे. उणीव आहे ती आगीसाठी आधीच शिकवून तयार ठेवलेल्या, नेमून दिलेले काम करणाऱ्या नागरिक पथकांची.

अशा पथकांचा इतिहास एका नाट्यगृहाच्या आगीशीच जोडलेला आहे. २८ फेब्रुवारी १८४७ रोजी जर्मनीत कार्ल्सरुहेचे दरबारी नाट्यगृह जळाले आणि साठहून अधिक माणसे दगावली. मदतीला धावले ते शेजारच्या डुरलाख गावचे नागरिक पथक. ख्रिस्तियान हेंग्स्ट यांनी ते आदल्याच वर्षी उभे केले होते; कार्ल मेट्झ यांच्या कारखान्यातला पंप त्यांच्याकडे होता आणि त्यावर प्रत्येकाची जागा ठरलेली होती. नाट्यगृह वाचले नाही, पण आग शेजारच्या इमारतींत पसरू दिली नाही. त्यानंतर जर्मनीत गावोगावी स्वयंसेवी अग्निशमन दले निघाली आणि आजही तिथले बहुसंख्य अग्निशामक बिनपगारीच आहेत. चिलीतल्या वाल्पाराइसो या बंदराची गोष्ट आपल्याला आणखी जवळची आहे. तिथे १८५० च्या मोठ्या आगीनंतर १८५१ मध्ये स्वयंसेवकांचे दल स्थापन झाले. जर्मन, फ्रेंच, इटालियन वसाहतवाल्यांनी आपापल्या तुकड्या काढल्या आणि एकाच शहराच्या आगी मिळून विझवल्या. मराठी आणि कन्नड दोन्ही नांदणाऱ्या बेळगावने हे उदाहरण जरूर अभ्यासावे.

आता निपाणीची वखार डोळ्यांसमोर आणा. तंबाखूचे बोद, म्हणजे भरलेली मोठी पोती, एकावर एक रचलेले असतात. ठिणगी आत गेली की लगेच ज्वाळा दिसत नाही; बोद आतल्या आत धुमसतो. वरून कितीही पाणी मारा, बाहेरचे पोते भिजते आणि मधला निखारा तसाच राहतो. बोद ओढून, फोडून, पसरूनच तो विझवावा लागतो आणि हे होईतो धूर माणसाला आत टिकू देत नाही. कोणत्या वखारीत काय भरले आहे, मागचे दार कुठे उघडते, विजेचा मेन स्विच कुठे आहे, जवळची विहीर कोणती, हे बाहेरून आलेल्या जवानाला कोण सांगणार? बेळगावच्या गणपत गल्ली, खडे बाजार भागात प्रश्न वेगळा, पण तितकाच अवघड. दुचाक्या, हातगाड्या आणि सणासुदीचे मांडव यांतून बंबाला वाट काढायची असते. वाट मोकळी करणे, गॅस सिलिंडर बाहेर काढणे, म्हाताऱ्याकोताऱ्यांना आधी खाली आणणे, आग हाताएवढी असतानाच तिच्यावर अग्निशामक नळकांडे चालवणे, या पहिल्या काही मिनिटांच्या कामांवर पुढचे सारे ठरते. ती गल्लीतलाच माणूस करू शकतो.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप असा की हौशी माणसे स्वतःच होरपळतील. तो हसण्यावारी नेता येणार नाही. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवासात आग विझवताना इमारत कोसळली आणि मुंबई अग्निशमन दलाच्या चार अधिकाऱ्यांनी प्राण गमावले. दलप्रमुख सुनील नेसरीकर त्यांपैकी एक. इतक्या अनुभवी माणसांचे असे होते, तिथे कॉलेजच्या पोरांना पेटत्या घरात पाठवणे गुन्हाच ठरेल. म्हणूनच प्रशिक्षण हवे, आणि त्या प्रशिक्षणाचा पहिला धडा कुठे थांबायचे हाच असावा. शिकवले नाही म्हणून लोक घरी बसत नाहीत. ते धावतातच, फक्त न शिकता धावतात.

दुसरा आक्षेप सरकारच्या जबाबदारीचा. स्वयंसेवक मिळाले की नवे बंब, नवी भरती लांबणीवर पडेल, ही भीती खोटी नाही. पण जर्मनीतल्या मोठ्या शहरांत पगारी दल आणि स्वयंसेवक शेजारी शेजारी काम करतात, एकामुळे दुसरे बंद पडत नाही. आणि आगीचे काम शिकलेला नागरिकच आपल्या गावात बंब किती आणि पाण्याची सोय काय, हे नगरपालिकेला नेमकेपणाने विचारू शकतो. कायद्याची अडचणही मोठी नाही. १९६८ चा नागरी संरक्षण कायदा केंद्राचा आहे, म्हणजे महाराष्ट्रातल्या कागलला तोच आणि कर्नाटकातल्या निपाणीलाही तोच. २००९ च्या दुरुस्तीने त्यात आपत्ती व्यवस्थापनही आले. ‘आपदा मित्र’ योजनेत स्वयंसेवकांना १२ दिवसांचे प्रशिक्षण देण्याची पद्धत आहे. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव जवळपास दुप्पट. तेव्हा दोन्ही राज्यांच्या अग्निशमन दलांनी या पट्ट्यात एकत्र सराव घेतला पाहिजे.

बेळगाव-निपाणीच्या गणेश मंडळांकडे माणसे आहेत, शिस्त आहे, रात्री-अपरात्री हाकेला ओ देण्याची सवय आहे. त्यांना एवढीच विनंती: येत्या उत्सवाआधी प्रत्येक मंडळाने दहा जणांची नावे आपल्या अग्निशमन केंद्राकडे द्यावीत, सराव मागून घ्यावा आणि मांडव घालताना बंबाची वाट सोडून खांब रोवावेत.