घरातील सायकल घेताना

पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. आता रहदारी आणि धुराला कंटाळून पुष्कळ लोक घरातच व्यायामाची सायकल घेतात. विचार चांगला आहे, पण खरेदी बहुधा मीटर पाहून होते. खर्च झालेल्या उष्मांकांचा त्यावरील आकडा निव्वळ अंदाज असतो. पाहायची ती बैठक.

बैठक वरखाली करता यायला हवी. पायडल अगदी खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहावा. बैठक फार खाली असेल तर गुडघ्याच्या वाटीवर ताण येऊन दुखणे सुरू होते आणि दोष मात्र वयाला दिला जातो! फार उंच असेल तर कंबर डावीउजवीकडे झुलते. म्हणून दुकानात दहा मिनिटे चालवूनच पाहावे. सांगाडा डगमगता कामा नये. चुंबकाने ताण देणारी सायकल फारसा आवाज करत नाही. फ्लॅटमध्ये तीच बरी. कंबरदुखी असल्यास पाठ टेकता येईल अशी घ्यावी. घरात जुनी सायकल असेल, तर तिचे मागचे चाक उचलून ताण देणारा स्टँडही पुरतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आहे. बोलता येईल, पण गाता येणार नाही, इतपत वेग ठेवावा. मधुमेह, रक्तदाब वा हृदयविकार असल्यास आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. चालवताना छातीत दडपण आले, हाताला किंवा जबड्याला कळ लागली, तर ताबडतोब थांबावे आणि ‘गॅस असेल’ म्हणून वाट न पाहता रुग्णालय गाठावे.