धार किती बारीक ठेवायची?

गोळी किंवा बाण लागून एल्क कोसळला, की शिकाऱ्याचं खरं काम सुरू होतं. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा अमेरिकेतला थोरला भाऊबंद. रॉकी पर्वतातला पूर्ण वाढीचा नर तीनशे किलोंच्या आसपास भरतो. एकट्या कोलोरॅडो राज्यात अशी अडीच लाखांहून अधिक जनावरं आहेत. त्यांच्या मागावर शिकारी गाडीरस्त्यापासून कितीतरी आत, तीन हजार मीटर उंचीवरच्या रानात पायी शिरतात. तिथून अख्खं जनावर हलवणं शक्य नसतं आणि खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं हा तिथे गुन्हा आहे. त्यामुळे पडल्या जागीच कातडं सोडवायचं, चारही पाय वेगळे करायचे, कण्यालगतचे मांसाचे लांब पट्टे काढायचे आणि खेपा करत सगळं पाठीवरून खाली आणायचं.

हे घाईने करावं लागतं. जनावराच्या अंगात ३८-३९ अंश सेल्सिअस उष्णता असते आणि दाट केसांचं कातडं ती आत कोंडून ठेवतं. मांडीच्या हाडाजवळचं मांस सर्वांत उशिरा थंड होतं आणि नासायला लागतं तेही तिथूनच. सप्टेंबरच्या उबदार दुपारी तर धार लावायला थांबलेला वेळही महाग पडतो. म्हणून तिथले शिकारी चाकूच्या निवडीवर इतका खल करतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीला बंदी आहे, ती असायलाच हवी. पण या चाकूमागचं धातुशास्त्र आपल्या विळीला आणि कोयत्यालाही तसंच लागू पडतं.

चाकू घेणारा पहिला प्रश्न विचारतो तो पोलादाच्या नावाचा. माझ्या मते हा प्रश्न दुसरा असायला हवा. कापण्याचं काम करतो तो पात्याचा आकार. धार म्हणजे दोन उतार जिथे मिळतात ती कड, आणि चांगल्या धारेची जाडी एका मायक्रॉनपेक्षाही कमी असते. हाताचं बळ तेवढ्याशा जागेवर एकवटतं, म्हणून मांसाचे तंतू तुटतात. पण कड आत शिरल्यावर तिच्यामागचं पोलादही त्याच फटीतून जायचं असतं. धारेच्या लगेच मागे पातं अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी जाड असेल तर ते सहज सरकतं, एक मिलिमीटर असेल तर मांस बाजूला ढकलत, अडखळत जातं. सहा मिलिमीटर जाडीचे, लाकूडही फोडू म्हणणारे चाकू दुकानात रुबाबदार दिसतात, पण कातडं सोडवताना मनगट तोडतात. अडीच-तीन मिलिमीटर जाडी आणि नऊ-दहा सेंटिमीटर लांबीचं पातं एल्कला पुरून उरतं. एल्कचे पाय वेगळे करायला हाड तोडावं लागत नाही, मागच्या पायाचा सांधा सापडला की अस्थिबंध कापले जातात आणि पाय सुटतो, पुढचे पाय तर नुसत्या स्नायूंनी जोडलेले असतात.

मग धार सगळीकडे कमालीची बारीक का ठेवत नाहीत? कारण बारीक कड वाकते किंवा तिचे टवके उडतात. पोलादाचा खरा संबंध येतो तो इथे. कड किती बारीक ठेवण्याची हिंमत करता येईल, हे पोलाद ठरवतं.

धार कशाने जाते याचं उत्तर अनपेक्षित आहे. मांस धारेचं फारसं वाकडं करत नाही. धार घालवतात ती जनावराच्या केसांत अडकलेली माती आणि खुद्द केस. एल्क चिखलात लोळतो. त्या मातीत क्वार्ट्झचे कण असतात आणि ते पाणी पाजलेल्या पोलादापेक्षाही कठीण असतात. केसाचं तर आणखी नवल आहे. २०२० मध्ये एमआयटीचे जेम तासान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाढीचे केस कापणारी रेझरची कड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. केस पोलादापेक्षा पन्नासपट मऊ, तरी कडेचे टवके उडत होते. केस वाकून तिरका पडला आणि नेमक्या त्या जागी पोलादाची अंतर्रचना असमान असली, की ताण एका बिंदूवर साठतो आणि तुकडा निसटतो. रेझरची कड चाकूपेक्षा पुष्कळ बारीक असते हे खरं, पण शिकाऱ्यांची जुनी रीत याच्याशी जुळते. ते कातड्याला एक लहान छेद देतात, धार वर करून टोक आत सरकवतात आणि आतून बाहेर कापत जातात. केस मग धारेखाली न येता दोन्ही बाजूंना फाकतात. या एका सवयीने जेवढी धार वाचते, तेवढी महागडं पोलाद घेऊनही वाचणार नाही.

आता पोलाद. लोखंडात सुमारे एक टक्का कार्बन असलेलं साधं पोलाद आठशे अंशांच्या आसपास तापवून तेलात बुडवलं, की कार्बनचे अणू स्फटिकांत अडकून पडतात आणि ते अतिशय कठीण होतं. पण ठिसूळही होतं, म्हणून पुन्हा दोनशे अंशांच्या आसपास तापवून थोडा कठीणपणा सोडायचा आणि चिवटपणा मिळवायचा. ही प्रक्रिया बिघडली तर उत्तम पोलादही वाया जातं. नीट झाली तर साधं पोलादही फार बारीक धार पेलतं, फक्त ओल्या रक्ताने त्याला तासाभरात डाग पडू लागतात.

गंज टाळायला क्रोमियम घालतात, आणि इथेच गमतीचा पेच आहे. 'डी-टू' या जुन्या लोकप्रिय पोलादात क्रोमियम सुमारे १२ टक्के असतं, तरी ते गंजतं. कारण त्यातलं बरंच क्रोमियम कार्बनशी जोडी जमवून कार्बाइडचे दाणे बनतं. दाण्यात अडकलेलं क्रोमियम गंज रोखायला मोकळं उरत नाही, शिवाय मोठे दाणे कडेवरून निखळतात. लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाने २०२१ मध्ये आणलेल्या 'मॅग्नाकट' पोलादात क्रोमियम पावणेअकरा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे डी-टूपेक्षा कमी आहे. पण त्याचं प्रमाण असं जुळवलं आहे की उष्णोपचारानंतर क्रोमियमचे कार्बाइड उरतच नाहीत. कार्बनशी जोडी जमवायचं काम व्हॅनेडियम आणि नायोबियम करतात, त्यांचे दाणे बारीक आणि कितीतरी कठीण असतात. वितळलेलं पोलाद वायूच्या झोतात फवारून त्याची भुकटी करतात, ती प्रचंड दाबाखाली तापवून सांधतात, म्हणून दाण्यांना वाढायला वेळच मिळत नाही. गंजाला तोंड देणं, चिवटपणा आणि टिकाऊ धार एकत्र साधणारं असं काम पाहून मला मनापासून आनंद होतो. व्हॅनेडियमचं नातं आपल्या दख्खनशीही आहे. दक्षिण भारतातल्या वूट्झ पोलादापासून घडवलेल्या दमास्कस तलवारींवरच्या लहरींमागे व्हॅनेडियमचा अगदी नाममात्र अंश असल्याचं जॉन व्हरहोवन यांच्या गटाने १९९८ मध्ये मांडलं.

व्हॅनेडियमची एक अडचणही आहे. त्याचे दाणे साध्या सहाणेला दाद देत नाहीत, त्यामुळे अशा चाकूसोबत हिऱ्याच्या भुकटीची छोटी पट्टी बाळगावी लागते. फार व्हॅनेडियम असलेली पोलादं मी रानासाठी सुचवणार नाही.

घडीचा चाकू हलका पडतो, पण त्याच्या बिजागरीत रक्त आणि चरबी भरते. स्थिर पात्याच्या चाकूला बिजागरीच नसते, त्यामुळे तशी साफ न होणारी फट राहत नाही. टोक पाठीच्या रेषेपेक्षा जरा खाली झुकलेलं असावं, म्हणजे पोट उघडताना आतडं फुटण्याचा धोका कमी होतो. हा घाट बॉब लव्हलेस या अमेरिकन कारागिराने लोकप्रिय केला. मूठ खरबरीत आणि भगव्या रंगाची घ्यावी, कारण संध्याकाळी गवतात ठेवलेला काळा चाकू हमखास हरवतो.

म्यान मात्र चामड्याचं नको, आणि त्यामागे एका आजाराची भीती आहे. १९६७ मध्ये कोलोरॅडोतल्या बंदिस्त हरणांत एक झिजवणारा आजार पहिल्यांदा दिसला आणि आज तो एल्कसह उत्तर अमेरिकेतल्या हरणांत दूरवर पसरला आहे. तो प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो, उकळण्याने प्रायॉन नष्ट होत नाही. माणसाला हा आजार झाल्याचा पुरावा नाही, तरी कणा आणि मेंदू कापू नये, असा तिथल्या यंत्रणांचा सल्ला आहे. २०१९ च्या एका अभ्यासात, घरगुती ब्लीचच्या ४० टक्के द्रावणात पाच मिनिटं बुडवल्यावर स्टेनलेस पोलादावरचे प्रायॉन निष्प्रभ झाले. मात्र मांसाच्या गुठळीच्या आत ब्लीच पोचलं नाही. म्हणून आधी चाकू घासून स्वच्छ करायचा, मग बुडवायचा आणि लगेच भरपूर पाण्याने धुऊन कोरडा करायचा. ब्लीचमधलं क्लोरिन स्टेनलेस पोलादालाही खड्डे पाडतं, आणि चामड्याच्या म्यानात मुरलेलं रक्त तर कशानेच निघत नाही.